कच्चा पाला आणि कॉलरची प्रेस

माझ्या थोरल्या भावाला अख्खी गल्ली कंपाउंडर म्हणते. तो कंपाउंडर नाही, लाँड्रीवाला आहे. तरुणपणी काही महिने एका दवाखान्यात गोळ्यांच्या पुड्या बांधायला होता. तिथे एका पेशंटाला त्याने डॉक्टरांच्या माघारी सांगितलं, "ही गोळी कशाला घेता, ती घ्या," आणि त्याच दिवशी त्याला हाकललं. दुसरा कोणी असता तर लाजून गप्प बसला असता. आमचा दादा तिथून एकच गोष्ट घेऊन आला, आपल्याला औषधातलं कळतं हा समज. अर्ध्या हळकुंडाने पिवळा होणं म्हणतात ना, याने तर हळकुंड नुसतं लांबून पाहिलं होतं.

लाँड्री आमच्या वडिलांची. खाली दुकान, त्याच्या मागे बॉयलर आणि वाफेच्या प्रेसा, वर दादा-वहिनींच्या दोन खोल्या आणि रस्त्याच्या अंगाला आईची खोली. मी दोन गल्ल्या सोडून राहते आणि दुपारपासून काउंटरवर बसते, त्यामुळे याचे सगळे पराक्रम मला फुकटात बघायला मिळतात. गिऱ्हाईक कपडे टाकायला आलं की दादा आधी कॉलर उलटी करणार. पिवळा डाग दिसला की पित्त. काखेत पांढरी रेघ दिसली की मीठ कमी करा. एकदा मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांच्या पांढऱ्या शर्टाची बाही नाकाला लावून हा म्हणतो, "तुमच्या मिस्टरांना साखर झालीय, तपासून घ्या." बाई अविवाहित. शर्ट त्यांचा स्वतःचा. त्यांनी कपड्यांची पिशवी उचलली आणि समोरच्या लाँड्रीत गेल्या. दादा माझ्याकडे वळून म्हणाला, "सत्य पचत नाही गं लोकांना."

वहिनी गरीब. या माणसाशी वाद घालण्यापेक्षा ओले पडदे पिळणं सोपं, असं तिचं मत आहे, आणि ती आयुष्यभर पडदेच पिळत आली.

आई मात्र वेगळं प्रकरण. आमच्याकडे रफूचं काम तिचं. सिगारेटने जळलेलं भोक असो की उंदराने कुरतडलेली बाही, आईच्या हातून गेलेलं कापड गिऱ्हाईक उजेडात धरून भोक शोधत राहायचं. खिडकीजवळची तिची खुर्ची, शेजारी दोऱ्यांचा पत्र्याचा डबा, मांडीवर कुणाची तरी पँट. खालून कोण गेलं ते मान वर न करता पावलांच्या आवाजावरून सांगायची. "टाच घासत गेला, म्हणजे शिंप्याचा जावई. बायकोशी भांडलाय." आणि खरोखर तसंच निघायचं. तिचं एकच मागणं होतं, ते ती सगळ्यांना बजावून सांगायची. "मला या खोलीतून काढायचं असेल तर आडवी काढा. माझ्या पायांनी मी जाणार नाही."

गेल्या काही वर्षांत तिच्या बोटांची पेरं सुजायला लागली. सकाळी मूठ मिटेना. सुई धरली की बोटांतून कळ जायची, पण सुई सोडायची नाही. डॉक्टरबाईंनी गोळ्या दिल्या होत्या, त्यांनी बरं वाटायचं, पण पोट बिघडायचं. दादाला एवढंच पुरे झालं.

त्या सुमारास आमच्याकडे कायदा बदलला आणि घरापुरतं गांजाचं एखादं झाड लावायला परवानगी मिळाली. लोकांनी कौतुकाने लावलं, ओढायचं त्यांनी ओढलं, बाकीचे कंटाळले. दादाने मागच्या गच्चीत कपडे भिजवायच्या जुन्या टबात एक झाड लावलं. बॉयलरची ऊब मिळाली म्हणा, कपड्यांचं पाणी मिळालं म्हणा, झाड माजलं. त्याने कुठेतरी ऐकलं होतं की याचा कच्चा पाला सुजेवर चांगला आणि कच्चा खाल्ला तर नशाही होत नाही. ऐकलं ते निम्मं. उरलेलं निम्मं ऐकायला माणसाला तोंड बंद ठेवावं लागतं.

मी म्हटलं, "डॉक्टरबाईंना विचार एकदा."

"त्यांना काय विचारायचंय? त्या पुस्तकातलं सांगणार. मी अनुभवातलं सांगतोय."

"कसला अनुभव? तू कधी खाल्लायस?"

झालं. मी नको तिथे काडी घातली. तो तसाच मागे गेला, झाडाचे शेंड्यावरचे हिरवे, चिकट तुरे मूठभर तोडून आणले आणि दुकानात चार गिऱ्हाइकांसमोर बकरीसारखे चावून खाल्ले. मग स्टुलावर बसून राहिला. आम्हीही त्याच्याकडे बघत राहिलो. संध्याकाळ झाली, त्याला काही म्हणजे काही झालं नाही. दातांत हिरवं अडकलं, तेवढंच. तेव्हापासून तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवू लागला, "नशाबिशा सगळं थोतांड आहे. मूठभर खाल्ला मी. हे सगळे मनाचे खेळ, भित्र्या माणसांचे."

मग रोज सकाळी तोच कोवळा पाला आणि तुरे वाटून त्याचा रस आईला. आई नाक धरून प्यायची. "मेल्या, गवत पाजतोस मला. दूध मागायला येऊ नकोस म्हणजे झालं," असं म्हणायची आणि प्यायची, कारण लेकाने आणलेलं. गुण आला का? आई म्हणायची, "थोडं हलकं वाटतं बाई." रसाने वाटलं, की मुलगा रोज सकाळी पाच मिनिटं शेजारी बसतो म्हणून वाटलं, ते मला सांगता येणार नाही. पण अपाय काही नव्हता. आई शुद्धीवर होती, सुई चालत होती, जीभ तर सुईपेक्षा जोरात चालत होती.

थंडी पडली आणि झाड करपायला लागलं. साधा माणूस म्हणाला असता, संपला पाला, आता पुढच्या वर्षी. पण कंपाउंडर तो. त्याने सगळे तुरे कापले आणि हिवाळाभर टिकवायचं ठरवलं. आता लाँड्रीवाल्याला एखादी वस्तू टिकवायची म्हटल्यावर काय सुचणार? दादाचा एक वेदवाक्यासारखा नियम आहे, वाफ दिली की घाण जाते. कपडा असो, गादी असो, उशी असो, वाफ द्या, शुद्ध. त्याने तुरे बटर पेपरात गुंडाळले आणि आमच्या कॉलर दाबायच्या प्रेसमध्ये घातले. वरचं तापलेलं लोखंड खाली ओढलं, खटका लावला आणि जेवायला निघून गेला. जेवून, वामकुक्षी करून आला तेव्हा आतला पाला तपकिरी पापड झाला होता. एवढ्यावर भागलं नाही म्हणून त्या पुड्या बॉयलरच्या पाइपावर रचून ठेवल्या, ओल राहायला नको. मग खलबत्त्यात कुटून त्याची पूड केली आणि बरणीत भरली.

दुकानात तो वास किती दिवस राहिला, काय सांगू! कोर्टातल्या एका मोठ्या साहेबांचे शर्ट त्याच प्रेसवर दाबून गेले होते. त्यांचा शिपाई दुसऱ्या दिवशी आला आणि हसू दाबत म्हणाला, "साहेब विचारतात, कॉलरला काय लावलंय?" दादा गंभीरपणे म्हणाला, "औषधी वाफ आहे. साहेबांना म्हणावं, मान दुखायची थांबेल."

मी त्याला विचारलं, "अरे, ताजं होतं ते ठीक. हे भाजून काढलंस, आईला सोसेल का?"

"भाजलं नाही, शुद्ध केलं. कच्च्याने काही झालं नाही, मग शुद्ध केलेल्याने काय होणार? डोकं वापर जरा."

ते डोकं त्याने वापरलं असतं तर मला हे सांगायची वेळ आली नसती. पूड कोरडी, घशात अडकते, म्हणून तो ती पातळ केलेल्या लोण्यात कालवून पावाला लावायचा, वर मध. आईला हा बदल फार आवडला. गवताच्या रसापेक्षा गोड पाव कुणाला नको असेल?

मग आई बदलली.

मी दुपारी जायची, तेव्हा ती खिडकीशी बसलेली असायची आणि सुई मांडीवर तशीच. एक दिवस शर्टाचं बटण तळहातावर घेऊन ती हसत होती, हसून हसून डोळ्यांतून पाणी. "बघ गं, याला चार डोळे आहेत," म्हणाली. मी पण हसले, मला वाटलं थट्टा करतेय. दुसऱ्या दिवशी तिने मला तीनदा विचारलं की मी जेवले का. मग एक दिवस जिन्याच्या वरच्या पायरीवर कठडा दोन्ही हातांनी धरून उभी, पांढरी फटक. "पायऱ्या संपत नाहीत गं. मी कधीची उतरतेय." छाती धडधडत होती, ओठ कोरडे पडले होते. मी तिला आत नेऊन निजवलं, तर माझा हात सोडेना. संध्याकाळी उतरलेल्या तोंडाने उठली आणि मला म्हणाली, "मला काय होतंय, बाळा? मला वेड लागतंय का?"

एवढी पोलादी बाई. तिच्या तोंडून हे ऐकून मला रडू फुटलं.

कंपाउंडरने निदान करून टाकलं. "स्मृतिभ्रंश. मेंदू आकसत जातो. आता हे वाढतच जाणार." डॉक्टरबाईंकडे न्यायचं त्याने टाळलं. शेवटी मीच हट्टाने घेऊन गेले, तर तो आमच्याबरोबर आला आणि तिथे आईच्या वतीने सगळं हाच बोलला. विसरते, भास होतात, रडते. पाल्याचं नाव नाही. मी सांगायला गेले तर, "ते काय, हर्बल आहे, पूरक म्हणून," असं म्हणून विषय बदलला. बाईंच्या दवाखान्याबाहेर रांग लागलेली. त्यांनीही खोदून विचारलं नाही, रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. त्या बाई चांगल्या आहेत, पण त्या दिवशी त्यांनी आईला एक प्रश्न विचारायला हवा होता, तुम्ही खाता काय? तो विचारला नाही.

आणि तपासण्यांची वाट कोण बघतो? दादाने गावाबाहेरच्या वृद्धांच्या एका संस्थेत चौकशी करून टाकली होती. तिथे विसरभोळ्या म्हाताऱ्यांचा वेगळा विभाग आहे, दारांना बाहेरून कडी असलेला. मी एका दुपारी वर गेले. आई खुर्चीत बसून लहान मुलासारखी हुंदके देत होती, कशाची तरी भीती वाटतेय एवढंच म्हणत होती. आणि तिच्या पायाशी माझा भाऊ गुडघ्यावर बसलेला. मला एक क्षण वाटलं, समजूत काढतोय. जवळ जाऊन बघते तर त्याच्या हातात मापाची पट्टी. भिंतीपासून खिडकीपर्यंत माप घेत होता.

"पाय जरा वर घे, आई," तो तिला म्हणाला.

तिने हुंदका देत पाय वर घेतले.

"हे काय चाललंय?" मी विचारलं.

"पडद्यांची मोठी प्रेस घ्यायचीय. इथे बरोबर बसते. उजेड पण चांगला आहे." मग माझं तोंड बघून म्हणाला, "तू भावनेच्या भरात बोलू नकोस. तिला आता खोली काय आणि मैदान काय. तिला कळत नाही."

मी तिला माझ्या घरी नेईन म्हटलं, तर माझं घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, तिचे गुडघे तसले. हे त्यालाही ठाऊक होतं, म्हणून तो नुसता हसला.

देवाची कृपा म्हणायची ती अशी की तीच प्रेस बघायला तो काही दिवस बाहेरगावी गेला. वहिनी खाली कामात, म्हणून मी सकाळपासून आईपाशी. तिच्या बोटाला पाव-लोण्याचं चिकट लागायचं, रफूच्या कापडाला डाग पडतील म्हणून मी तिला नुसती पेज दिली. पूड द्यायची मला आठवणच झाली नाही. पहिल्या दिवशी ती मलूल होती. दुसऱ्या दिवशी दुपारी खिडकीतून रस्त्यावरचा आवाज ऐकून म्हणाली, "शिंप्याचा जावई आज धावतोय. सासरे मागे लागलेले दिसतात." मी खाली वाकून बघितलं. खरंच होतं! मी तिच्या गळ्यात पडले. ती म्हणाली, "अगं सोड, सुई टोचेल." पुढचे सगळे दिवस ती अशीच होती, बोटं दुखतात म्हणून कुरकुरणारी, पण आपली आई.

दादा परतला. पाव-लोणी सुरू झालं. दुपारी आईला भिंत श्वास घेताना दिसली.

आता हे कळायला काय दिवे लावावे लागतात? मी सरळ त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले. "दादा, तुझ्या पुडीने होतंय हे."

"उचलली जीभ लावली टाळ्याला. अगं, मी मूठभर खाल्ला होता तुझ्यासमोर!"

"तो कच्चा होता."

"मग? कच्चं मांस खाल्लं तर पोट बिघडतं, शिजवलेल्याने नाही. शिजवल्याने वस्तू सौम्य होते. हे शाळेतल्या पोराला पण कळतं."

"शिजवलेला मग तू खाल्लास का?"

"मला काय गरज? मला कुठे सूज आहे?"

डोक्यात आहे, असं माझ्या ओठांवर आलं होतं, पण मी गिळलं. "परवा संस्थेच्या बाई येणार आहेत ना आईला बघायला? त्यांच्यासमोर खा. तुला काही झालं नाही तर मी परत तोंड उघडणार नाही. आईला नेऊ देईन." हे शेवटचं वाक्य मी काय बोलून बसले ते मला लगेच कळलं. पण हा माणूस दुसऱ्या कशाने बधणारा नव्हता. पालथ्या घड्यावर किती वर्षं पाणी ओतायचं?

त्याचे डोळे चमकले. चार माणसांसमोर काही सिद्ध करून दाखवायचं म्हटलं की हा जेवणसुद्धा विसरतो.

संस्थेच्या बाई सकाळी आल्या. इस्त्री केलेल्या आवाजात "आजी, कशा आहात?" वगैरे सुरू केलं. मी हट्टाने डॉक्टरबाईंनाही बोलावून घेतलं होतं, त्या सवडीने येते म्हणाल्या. आईला मी माझ्या हाताने साधा पाव दिला. आणि दादाने सगळ्यांदेखत तिची रोजची पूड स्वतःच्या पावावर थापली. तिला लावायचा त्याच्या दुप्पट लावली, वर मध ओतला आणि मिटक्या मारत खाल्ली. "बघा बाई, आमच्या बहिणीचं समाधान. अंधश्रद्धा कुठे कुठे असते बघा."

बाईंनी आईला प्रश्न विचारायला सुरुवात केली. वार कोणता, मुलं किती, शंभरातून सात गेले तर किती. आई शांतपणे उत्तरं देत होती. शंभरातून सात गेल्यावर म्हणाली, "त्र्याण्णव. आणि ते सात कशासाठी गेले ते पण सांगा, म्हणजे नीट हिशेब लागेल." बाई हसल्या, मग आपण हसलो म्हणून ओशाळल्या. दादा मध्ये मध्ये पडत होता. "आज जरा बरी आहे. हे असंच असतं, मध्येच स्वच्छ होतात." घड्याळाकडे बघून म्हणाला, "हं, झालं का समाधान? इतका वेळ झाला, मला काही झालंय? बाई, तुम्ही न्यायचा दिवस सांगा."

खरंच त्याला काही झालं नव्हतं. मला वाटलं, संपलं, मीच माझ्या हाताने आईला घालवली.

बाई पिशवी उचलून उठल्या आणि दादा त्यांना सोडायला जिन्यापर्यंत गेला. तिथेच थांबला. बराच वेळ परत येईना, म्हणून मी मागे गेले. तो कठडा धरून उभा होता.

"ही पायरी," तो म्हणाला, "ही खाली जातेय."

"पायऱ्या खालीच जातात, दादा."

त्यावर तो हसायला लागला. ते हसू थांबेचना. संस्थेच्या बाई अर्ध्या जिन्यात थबकल्या. मग हसता हसता त्याचा चेहरा एकदम बदलला. त्याने छातीवर हात ठेवला, "माझं हृदय बाहेर ऐकू येतंय. सगळ्यांना ऐकू येतंय," असं म्हणत तो तिथेच फतकल मारून बसला. आणि हा आमचा औषधातला जाणकार, भित्र्यांच्या मनाचे खेळ ओळखणारा वीर, "मी मरतोय, मी मरतोय," असं ओरडत रांगत आईच्या खोलीत शिरला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

मला दया आली नाही. खोटं कशाला बोलू? मला वाटलं, बरी जिरली.

आई मात्र खुर्चीतून उठली. गुडघे धरत खाली बसली, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि सुजलेल्या बोटांनी त्याचे केस मागे सारू लागली. "मरत नाहीस. मला ठाऊक आहे हे. आता छाती धडधडेल, मग तोंड कोरडं पडेल. भिंतीकडे बघू नकोस, माझ्याकडे बघ. हे जातं. संध्याकाळपर्यंत जातं. मी इथेच आहे, उठत नाही." तो तिच्या पदराचं टोक मुठीत धरून रडत होता. ती पुटपुटल्यासारखं परत परत तेच म्हणत राहिली, मी इथेच आहे.

आणि मला तो पट्टी घेऊन बसलेला आठवला. पाय जरा वर घे, आई.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा हे दृश्य. त्यांनी त्याची नाडी पाहिली, पाणी पाजलं, बरणी उघडून वास घेतला आणि कपाळाला हात लावला. "हे भाजलंय कुणी?"

"प्रेसमध्ये दाबलंय," वहिनी दारातून म्हणाली. तिचा आवाज आम्ही बऱ्याच दिवसांनी ऐकला.

डॉक्टरबाईंनी मग नीट सांगितलं. झाडात जे असतं ते आधी आम्लाच्या रूपात असतं. त्या रूपात ते मेंदूवर नशा आणत नाही, म्हणून दादा मूठभर कच्चा खाऊनही तसाच कोरडा राहिला. चांगली उष्णता लागली की त्या आम्लातला एक तुकडा वायू होऊन निघून जातो आणि मागे राहतं ते डोक्यात जाणारं. लोक ते ओढतात तेव्हा विस्तव हेच काम करतो, इथे कॉलरच्या प्रेसने केलं. लोण्यात कालवल्यामुळे ते अंगात आणखी भिनलं. खाल्लेलं उशिरा चढतं आणि खूप वेळ राहतं, म्हणून सकाळच्या पावाची शिक्षा दुपारी.

"आणि कच्च्याने सूज उतरते का?" मी विचारलं.

"त्यावर अभ्यास चालू आहेत. ठामपणे कोणी सांगत असेल तर त्याच्यापासून लांब राहा," त्या म्हणाल्या आणि आईकडे बघून त्यांचा आवाज उतरला. "या वयात हे रोज! जिन्यावरून पडल्या असत्या तर? मीच विचारायला हवं होतं."

संस्थेच्या बाईंनी आणलेला फॉर्म परत पिशवीत घातला. आईला वाकून नमस्कार केला आणि गेल्या.

दादा दुसऱ्या दिवशी उठून बसला. तुम्हाला वाटेल, आता तरी हा माणूस खाली मान घालेल. छे! तिसऱ्या दिवशी मी काउंटरवर येते तर हा एका गिऱ्हाइकाला सांगतोय, "कच्चं आणि तापवलेलं यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. कच्च्यात आम्ल असतं, बरं का, आणि उष्णतेने त्यातला वायू उडतो. लोक नुसतं बोलतात, मी स्वतःवर प्रयोग करून बघितला!"

आई त्या दिवशी रफूचा कोट द्यायला हळूहळू खाली आली होती. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभी राहून तिने ते सगळं ऐकलं.

"स्वतःवर शेवटी केलास," ती म्हणाली. "आधी कुणावर केलास ते सांग की त्यांना. आणि मी रडत होते तेव्हा तू कशाचं माप घेत होतास, तेही सांग. मला ऐकू येत होतं सगळं. वेडी झाले होते, बहिरी नाही."

दादाने हातातली कॉलर सुलटी केली. गिऱ्हाइकाने आपले शर्ट उचलले. आई कोट काउंटरवर ठेवून जिना चढून वर गेली, एकेक पायरी, कठड्याला धरून.

खोली तिचीच राहिली. पडद्यांची प्रेस आली नाही. बोटं दुखतात, गोळ्यांनी पोट बिघडतं, रफूचं काम आता निम्म्यावर आलंय. पण तिच्या खोलीत जेवणाचं ताट आणून ठेवलेलं तिला चालत नाही. ती स्वतः खाली येते, स्वतः पाव कापते, डब्याचं झाकण दोन्ही तळव्यांत दाबून कसंबसं फिरवते, लोणी उचलून आधी हुंगते आणि मग लावते. त्या सुजलेल्या हातांतली सुरी थरथरताना बघवत नाही. परवा मी उठून म्हटलं, "आण आई, मी लावून देते."

तिने ताटली स्वतःकडे ओढली. "नको," म्हणाली. मलासुद्धा.